गावाचा आकडा आणि वाडीचा आकडा : कॉलऱ्याची मोजणी नेमकी कशी होते?

दरवर्षी २० मार्चला आपल्यापैकी हजारो जण महाडला जातात, चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरतात, ओंजळीत पाणी घेतात. १९२७ च्या त्या दिवसाचा अर्थ आपण हक्काच्या आणि माणुसकीच्या भाषेत सांगतो आणि ते योग्यच आहे. पण त्या प्रसंगाची आणखी एक बाजू आहे, जी भाषणांत फारशी येत नाही. पाणवठा कोणाचा, हा प्रश्न आरोग्याचाही होता. कोण कुठले पाणी पितो यावर कोण जगतो आणि कोण मरतो हे ठरत असे. आजही काही प्रमाणात ठरते. ते मोजायचे कसे आणि आज ते कसे मोजले जाते (किंवा जात नाही), एवढ्यापुरताच हा लेख आहे.

आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी कॉलरा हा शब्द नव्हता. ते पटकी म्हणत, मरी म्हणत. गावात मरी आली की मरीआईचा गाडा शिवेपार नेला जाई, आणि मरीआईची सेवा बहुतेक गावांत महारांच्या वाट्याला आलेली असे. मेलेल्याचा सांगावा परगावी पोहोचवणे हेही महारकीचेच काम. म्हणजे मृत्यूची बातमी वाहून नेणारा माणूस आपला, पण त्याच्या स्वतःच्या वस्तीत किती गेले याचा वेगळा हिशेब कोणी ठेवल्याचे दिसत नाही. १९५६ नंतर आपण तो गाडा सोडला. हिशेब मात्र आजही अपुराच आहे.

आधी रोग समजून घेऊ. व्हिब्रिओ कॉलरी नावाचा जंतू दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातो आणि आतड्यात विष सोडतो. त्या विषामुळे शरीरातले पाणी आणि क्षार भराभर बाहेर पडतात. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे होतात. उपचार मिळाला नाही तर धडधाकट माणूस काही तासांत जाऊ शकतो. उपचार मिळाला तर मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली येते. हा उपचार महागडा नाही. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत आले, तेव्हा शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांत भरून लोकांना पाजायला लावले. तिथले मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. आज अंगणवाडीत मिळणारी ओआरएसची पुडी त्याच विचाराची आहे. म्हणूनच कॉलऱ्याने कोणी मेले तर तो केवळ जंतूचा दोष राहत नाही. त्या माणसापर्यंत वेळेत काय पोहोचले नाही, हे विचारावे लागते.

आता आकडे. २०२४ साली जगभरातल्या ६० देशांनी जागतिक आरोग्य संघटनेला ५,६०,८२३ रुग्ण आणि ६,०२८ मृत्यू कळवले. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने काढलेला अंदाज असा, की जगात दरवर्षी १३ ते ४० लाख लोकांना कॉलरा होतो आणि २१ हजार ते १ लाख ४३ हजार लोक त्याने मरतात. त्याच अभ्यासात भारतासाठी वर्षाला सुमारे पावणेसात लाख रुग्ण आणि वीस हजारांच्या आसपास मृत्यू धरले आहेत. कळवलेला आकडा आणि अंदाज यांत इतके अंतर असेल, तर मधली माणसे कुठे गेली?

काही जण दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाहीत. पोहोचले तरी जुलाब-उलटीचा प्रत्येक रुग्ण ‘गॅस्ट्रो’ किंवा ‘अतिसार’ म्हणून लिहिला जातो, कारण कॉलरा असे खात्रीने म्हणायला शौचाचा नमुना योग्य माध्यमात घालून प्रयोगशाळेत जावा लागतो आणि तिथे जंतू वाढवून बघावा लागतो. नमुना घेण्याआधी प्रतिजैविक दिलेले असेल तर जंतू सापडेलच याची खात्री नसते. सापडला नाही की कॉलरा नव्हता असे समजले जाते. घरी झालेल्या मृत्यूचे कारण तर बहुधा डॉक्टर लिहीतच नाही. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. उरलेल्यांच्या बाबतीत घरच्यांनी सांगितले ते कारण.

देशांनाही आकडा लपवण्याचा मोह होतो. १९९१ साली पेरू देशात कॉलऱ्याची साथ आली आणि त्यांच्या मासळीची निर्यात कोसळली. तेव्हापासून समुद्रकाठच्या अनेक सरकारांना कॉलरा हा शब्द उच्चारणे महाग वाटते. गावपातळीवरही हाच मोह असतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाण्याचे मान्सूनपूर्व आणि मान्सूनोत्तर सर्वेक्षण होते आणि त्यावरून लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. वर्षानुवर्षे हिरवे कार्ड टिकवून साथ येऊ न देणाऱ्या ग्रामपंचायतीला चंदेरी कार्ड. योजना चांगली आहे, आम्ही तिला नावे ठेवत नाही. पण साथ नोंदवली गेली नाही म्हणजे ती आलीच नाही, असे समजून बक्षीस दिले तर नोंद करणाऱ्याचा हात थोडा आखडणारच.

शासनाची नोंदव्यवस्था आहे, हे सांगायलाच हवे. २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालतो. उपकेंद्रातली परिचारिका लक्षणांवरून संशयित रुग्ण लिहिते, डॉक्टर संभाव्य रुग्ण लिहितात, प्रयोगशाळा खात्रीचे रुग्ण लिहिते. हे आता संगणकावर जाते आणि साथ लवकर लक्षात येते. मात्र ही साखळी उपकेंद्रापासून सुरू होते आणि आपल्या प्रश्नाची सुरुवात त्याच्याही आधी, विहिरीपाशी होते.

इथे हिशेबाची एक गोष्ट बारकाईने बघावी लागते. समजा (हे उदाहरण कल्पित आहे) गाव तीन हजार वस्तीचे आहे आणि त्यातली तीनशे वस्तीची एक वाडी वेगळ्या विहिरीवर पाणी भरते. पावसाळ्यात वाडीतल्या बारा जणांना कॉलरा होतो, एक जण दगावतो. गावाच्या हिशेबाने हजारी चार रुग्ण. वाडीच्या हिशेबाने हजारी चाळीस. दोन्ही आकडे खरे आहेत, पण तालुक्याला पहिलाच जातो आणि तो कोणाला घाबरवत नाही. आता मृत्यूचे बघा. बारांत एक म्हणजे शेकडा आठ. पण बारांपैकी चारच जण आरोग्य केंद्रात गेले आणि जो मेला तो घरीच मेला, तर कागदावर चार रुग्ण आणि शून्य मृत्यू. साथ सौम्य होती असा शेरा पडतो. रोग किती पसरला आणि किती जीव घेऊन गेला ही दोन मापे आहेत. दोन्ही मापांत भागाकाराच्या खाली कोणाची संख्या घातली, यावर सगळे अवलंबून असते.

ही युक्ती नवी नाही. १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी हेच केले. शहराच्या एका भागात एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांचे नळ होते. एक कंपनी थेम्स नदीच्या घाण पात्रातून पाणी उचले, दुसरीने आपला पंप वरच्या बाजूला हलवला होता. शेजारी तेच, हवा तीच, गरिबीही तीच. स्नो यांनी मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन पाणी कोणाचे, एवढेच विचारले. पहिल्या कंपनीच्या दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू, दुसरीच्या दहा हजार घरांमागे ३७. जंतू कोणता, हे तेव्हा स्नो यांना ठाऊक नव्हते. रॉबर्ट कॉख यांनी तो कलकत्त्यात ओळखला १८८४ मध्ये, तीस वर्षांनी. पाणवठ्याप्रमाणे मोजले म्हणून उत्तर आधी मिळाले.

आणि महाडमध्ये? बोले ठराव १९२३ चा, नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा, प्रत्यक्ष पाण्याला हात लागला १९२७ साली. नंतर सनातन्यांनी तळ्यातून १०८ घागरी पाणी काढले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळले, ते परत तळ्यात ओतले आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले. कॉख यांच्या शोधाला तेव्हा त्रेचाळीस वर्षे झाली होती! हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला.

किनाऱ्याचा प्रश्न आणखी वेगळा आहे. कॉलऱ्याचा जंतू फक्त माणसाच्या विष्ठेतून येतो असे पूर्वी मानले जाई. तो खाडीच्या मचूळ पाण्यातही राहतो, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कोपेपॉड नावाच्या जिवांना चिकटून. सावित्री, कुंडलिका, राजपुरी अशा खाड्यांच्या काठी राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक खाडीत रोगकारक प्रकार आहेच असा याचा अर्थ नाही. पण महापूर येतो, जसा २२ जुलै २०२१ ला महाडमध्ये आला, तेव्हा नदी, गटार, संडास आणि विहीर यांतले अंतर संपते. बांगलादेशातल्या मतलब भागात बायकांना जुनी सुती साडी अनेक पदरी दुमडून पाणी गाळायला शिकवले, तर कॉलरा जवळपास निम्म्याने घटला. त्या कोपेपॉडसकट जंतू कापडात अडकतात. हा उकळण्याला किंवा क्लोरिनला पर्याय नाही, पण पुराच्या दिवसांत सरपण भिजलेले असते तेव्हा उपयोगी पडतो.

महाराष्ट्रातून कॉलरा गेला असे कोणाला वाटत असेल, तर जुलै २०२२ आठवावा. मेळघाटात चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या आदिवासी गावांत उघड्या विहिरीच्या पाण्याने शेकडो लोक आजारी पडले, काहींचे प्राण गेले. बातमी झाली, कारण अख्खे गाव आजारी पडले. रायगडमधली एखादी कातकरी वाडी किंवा नळाच्या शेवटच्या टोकाला असलेली बौद्धवाडी आजारी पडली, तर ती मोठ्या गावाच्या आकड्यात विरून जाईल.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. जुलाबाच्या प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत गावाबरोबर वाडीचे नाव आणि पाण्याचा स्रोत लिहिला जावा. जातीचा रकाना घाला असे आम्ही म्हणत नाही. स्रोत लिहिला की बाकीचे आपोआप दिसते. आशाताईंवर आधीच कामाचा भार आहे, हे आम्हांला ठाऊक आहे, पण दोन शब्द वाढवायला नवी यंत्रणा लागत नाही.

तोवर एक काम आपण करू शकतो. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. विहिरीत, टाकीत टीसीएल पावडर टाकणे आणि पाण्यात क्लोरिन उरले आहे का हे ओटी चाचणीने बघणे त्याचे काम. चाचणी टाकीजवळच्या नळाला होते की वाडीतल्या शेवटच्या नळाला, हे ग्रामसभेत विचारा. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शेवटच्या टोकाला उरायला हवे. आणि मान्सूनपूर्व सर्वेक्षणाचा कागद मागून घ्या. त्यात गावातल्या पाण्याच्या स्रोतांची यादी असते. आपल्या वाडीची विहीर त्या यादीत आहे का, ते आधी बघा.