शाळेचे बांधकाम आणि आवारातील वृक्ष

जुन्या कौलारू वर्गांच्या जागी बहुमजली इमारत बांधण्याचा ठराव शिक्षणसंस्थेच्या बैठकीत संमत होतो, त्या दिवसापासून आवारातील चिंच, कडुनिंब आणि वड यांचे भवितव्य नकाशावरील रेषांवर अवलंबून राहते. विद्यार्थी वाढले आणि वर्ग अपुरे पडू लागले म्हणजे बांधकाम अपरिहार्य होते, हे मान्यच आहे. परंतु रवींद्रनाथांनी 1901 साली शांतिनिकेतनात विद्यालय स्थापून ज्या देशात वृक्षच्छायेला वर्गाची प्रतिष्ठा दिली, तेथे आराखडा आखण्यापूर्वीच वृक्षांची नोंद व्हावी, ही अपेक्षा वाजवी आहे.

महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांत, 1975 च्या वृक्षसंरक्षण व जतन अधिनियमान्वये, स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरील झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही. रीतसर अर्ज आल्यावर वृक्ष अधिकारी जागेची पाहणी करतात, जाहीर नोटीस निघते आणि नागरिकांच्या हरकती मागवल्या जातात. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या वृक्षास विशेष संरक्षण दिले. शिवाय तोडलेल्या झाडाचे वय जितक्या वर्षांचे, तितकी नवी रोपे लावावीत, ती किमान सहा ते आठ फूट उंचीची असावीत आणि सात वर्षे त्यांची देखभाल व्हावी, अशी तरतूद केली.

तोडण्याऐवजी वृक्ष समूळ उचलून अन्यत्र लावण्याचा मार्गही आहे. परंतु तो सबुरीचा आहे. बुंध्याभोवती आगाऊ चर खणून मुळे टप्प्याटप्प्याने कापावी लागतात, म्हणजे आतल्या मातीत नवी तंतुमुळे फुटतात. मग तो मातीचा गोळा गोणपाटात आवळून यारीने उचलतात आणि नव्या खड्ड्यात बसवून दीर्घकाळ पाणी देतात. वड, पिंपळ, उंबर हे स्थलांतर बहुधा सोसतात. खोल सोटमूळ असलेल्या जुन्या आंब्या-चिंचेची शाश्वती तितकी देता येत नाही.

जागेवर राखलेले झाडही बांधकामात अनेकदा नकळत मारले जाते. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन फुटांत, फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत पसरलेली असतात. त्यांवर खडी-विटांचे ढीग रचले, मालमोटारी फिरल्या किंवा बुंध्यापर्यंत फरशी बसवली, की मातीतील हवा व ओल नाहीशी होते आणि दोन-तीन वर्षांनी झाड वाळते, तेव्हा त्याचे कारण कोणाच्या ध्यानातही राहत नाही. बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढावे, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 साली दिल्लीपुरता दिला, तो याच कारणाने. काम सुरू होण्यापूर्वी फांद्यांच्या घेराइतके भक्कम कुंपण घालणे, हा यावरचा अल्पखर्चाचा उपाय आहे.

पन्नास रोपे लावली म्हणून पन्नास वर्षांची सावली परत येत नाही. ती रोपे जगली, तरच भरपाईला प्रारंभ होतो. सात वर्षे म्हणजे आज चौथीत बसलेल्या मुलाची शालान्त परीक्षा होईपर्यंतचा काळ. म्हणून संस्थाचालकांनी प्रत्येक रोपाची नोंदवही ठेवावी, देखभालीचा खर्च बांधकामाच्या अंदाजपत्रकातच धरावा आणि पालकांनी दरवर्षी ती वही निःसंकोच पाहावयास मागावी.