सॅल्मन कुणाचा?

दोन भावांच्या शेतात एकच सामाईक विहीर असली, की पाण्यावरून कुरबुरी होणारच. आज तुझी पाळी, उद्या माझी, असं ठरलं तरच दोघांची पिकं जगतात. पण विहिरीऐवजी मासाच सामाईक असेल तर? आणि तोही एका जागी न थांबणारा?

असा मासा आहे सॅल्मन. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्यात (राजधानीचं वॉशिंग्टन शहर वेगळं बरं का!) तो नदीत जन्मतो, समुद्रात जातो, तिथे काही वर्षं राहून मोठा होतो. मग वासावरून आपली जन्माची नदी शोधत, प्रवाहाच्या उलट पोहत परत येतो. अंडी घालतो आणि बहुतेक वेळा तिथेच मरतो. इथले आदिवासी हजारो वर्षं या परतणाऱ्या माशांवर जगत आले.

गोऱ्या लोकांना त्यांची जमीन हवी होती. १८५४ च्या डिसेंबरमध्ये मेडिसिन क्रीक नावाच्या ओढ्याकाठी गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांनी निस्क्वाली, पुयालप वगैरे जमातींशी करार केला. बोलणी झाली चिनूक जार्गन या बाजारबोलीत, जिच्यात शब्दच जेमतेम काही शे! जमातींनी बहुतेक जमीन दिली, पण मासेमारी सोडली नाही. करारात लिहिलं गेलं, की नेहमीच्या जागी मासे धरायचा त्यांचा हक्क ‘इतर नागरिकांसह सामाईक’ राहील.

पुढे या ‘सामाईक’वरूनच सगळं महाभारत झालं. समुद्रात मोठ्या होड्या आल्या, किनाऱ्यावर मासे डबाबंद करणारे कारखाने आले, नद्यांवर धरणं झाली. मासे घटले. नदीत जाळी लावणाऱ्या आदिवासींपर्यंत मासा पोचायचा सगळ्यांत शेवटी, पण राज्य सरकारनं बडगा उगारला तो त्यांच्यावरच! सरकार म्हणे, सामाईक म्हणजे सगळ्यांना नियम सारखे.

१९४५ साली निस्क्वाली नदीत जाळं लावलं म्हणून एका चौदा वर्षांच्या मुलाला अटक झाली. म्हणजे आपल्या आठवी-नववीतला मुलगा! त्याचं नाव बिली फ्रँक. तो घाबरून घरी बसला नाही. १९६० नंतरच्या दशकात त्यानं आणि इतरांनी बंदी मोडून उघड उघड मासे धरायला सुरुवात केली. सत्याग्रहच म्हणा ना! होड्या जप्त झाल्या, जाळी गेली. बिलीला तर आयुष्यात पन्नासहून जास्त वेळा अटक झाली.

शेवटी प्रकरण कोर्टात गेलं. १२ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला: सामाईक म्हणजे समसमान वाटणी. पण आधी अंडी घालायला पुरेसे मासे नदीत सोडायचे. उरलेल्या, धरण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंत वाटा करारातल्या जमातींचा. थोडक्यात, पहिला वाटा माशांचा स्वतःचा!

इतर कोळी खवळले. न्यायाधीशांचे पुतळे जाळले गेले. त्यांचंही दुःख खोटं नव्हतं. अनेकांनी कर्ज काढून होड्या घेतल्या होत्या आणि एका दिवसात धंदा आक्रसला. पण १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हा निकाल मुख्यतः कायम ठेवला.

मग गंमत झाली. भांडणारे दोन्ही पक्ष एका टेबलाशी बसले. आज राज्य सरकार आणि जमाती मिळून दरवर्षी ठरवतात, की कुठे, कधी, किती मासे धरायचे. जमातींच्या मत्स्य आयोगाचे अध्यक्षपद तीसहून अधिक वर्षं कुणी सांभाळलं असेल? बिली फ्रँक यांनी!

पण विहीरच आटली, तर पाळी कुणाची यावर भांडून काय उपयोग? रस्त्यांखालच्या मोऱ्या इतक्या अरुंद किंवा उंचावर होत्या, की परतणारा सॅल्मन त्यातून वर चढूच शकत नव्हता. शून्याचा निम्मा शून्यच! म्हणून २००१ मध्ये जमाती पुन्हा कोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: वाटा दिलात, तर मासाही शिल्लक ठेवा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मतं चार विरुद्ध चार पडली. त्यामुळे खालच्या कोर्टाचा हुकूम कायम राहिला आणि राज्याला मोऱ्या बदलणं भाग पडलं. मोरी मोकळी झाली की फायदा आदिवासींचाही आणि इतर कोळ्यांचाही.

तो निकाल पाहायला बिली फ्रँक नव्हते. २०१४ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी ते गेले. पण ज्या नदीत त्यांना पहिल्यांदा पकडलं, त्या निस्क्वालीत त्यांच्या जमातीचे लोक आज हक्कानं जाळी टाकतात.

मग सांगा बरं, सॅल्मन कुणाचा? उत्तर देण्याआधी एक लक्षात ठेवा. वाटणी करताना नदीला विसरायचं नाही हं!