आधी कार्ड, मग पैसे

दुपारी दोन-अडीचचा सुमार. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बोळात, ओट्यावर सात-आठ बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या. सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याच्या फर्म्यावर पान ठेवायचं, कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड नखानं दुमडायचं. पंचवीस विड्या झाल्या की एक कट्टा. हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय यांचा दिवस भरत नाही, त्यामुळे माझा वर्ग हात चालू असतानाच भरतो. वही-पेन मी वाटत नाही. लिहायला हात मोकळा कुणाचा आहे?

पैशांचं शिकवायला आलेय म्हटल्यावर बायका आधी गप्प होतात. बचत का करावी, हे ऐकायला मिळणार अशी त्यांची खात्री असते. मी विचारते, "कुणाचा हप्ता कोणत्या वारी?" मग तोंडं उघडतात. एकीचा मंगळवारी, दुसरीचा मंगळवारी आणि शुक्रवारी. तिसरी हसते, "अक्का, माझा कोणत्या वारी नाही ते विचारा की!"

त्यानंतरचं गणित ठरलेलं आहे. बारा हजारांचं कर्ज, एक वर्षाची मुदत, "बारा टक्के व्याज", दरमहा 1,120 रुपयांचे बारा हप्ते. व्याज किती? चौदाशे चाळीस, हे उत्तर विडी वळता वळता येतं. बारा टक्के बरोबर? बरोबर. मग मी विचारते, सहा हप्ते भरल्यावर कर्ज देणाऱ्या कंपनीचे किती पैसे तुमच्याकडे राहिले? सहा हजार. आणि सातव्या हप्त्यात व्याज कितीवर धरलंय? इथे एखादीचे हात थांबतात. "अय्यो, बारा हजारांवरच की!" मुद्दल महिन्या-महिन्याला कमी होत जातं, व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या रकमेवर. घटत्या शिलकीवर मोजलं, तर हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. तेवढा आकडा फक्त मी सांगते, बाकी सगळं त्यांनीच काढलेलं असतं.

हे शिकवायचं मी कुठल्या अभ्यासक्रमातून उचललं नाही. माझी आई महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची एजंट होती. या योजनेत एजंट बायकाच असतात. घरोघरी जाऊन पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करायचे आणि पोस्टात भरायचे, हे काम. मोबदला शंभराला चार रुपये. पंधरा तारखेच्या आत उघडलेल्या खात्याचा हप्ता पंधरा तारखेपर्यंत, नंतर उघडलेल्याचा महिनाअखेरपर्यंत. चुकला की महिन्याला शंभरामागे रुपया दंड. यंत्रमागावरच्या एखाद्या कामगाराची मजुरी अडकली की तो रुपया आई आपल्या चारातून भरायची. मुदत साठ हप्त्यांची. पाच वर्षं एका घराची पायरी चढत राहायचं म्हणजे त्या घराचं बरंच काही कळतं.

रात्री सतरंजीवर याद्या व्हायच्या. मी खातेक्रमांक वाचायचे, भाऊ लिहायचा, आई नोटा मोजायची. दहा रुपयांचा फरक निघाला तरी जेवण अडून राहायचं. कुणाच्या घरी किती साठतंय, हे सतरंजीबाहेर न्यायचं नाही, असा दंडक होता. वर्गातल्या मैत्रिणीच्या वडिलांचे सलग तीन हप्ते थकल्याचं मला माहीत असायचं आणि तिच्याशी खेळताना ते माहीत नसल्यासारखं वागावं लागायचं. दहा वर्षांच्या मुलीला ही शिस्त जडच होती. पण आज बायका माझ्यासमोर कर्जाचे आकडे बोलतात, ते मी मागच्या बोळातलं पुढच्या बोळात सांगत नाही म्हणूनच.

दुसरा दंडक: आधी कार्ड, मग पैसे. खातेदाराकडे असलेल्या कार्डावर रक्कम लिहून सही केल्याशिवाय आई नोटेला हात लावत नसे. लोक म्हणायचे, "राहू द्या हो बाई, विश्वास आहे." आई म्हणायची, "आहे म्हणूनच लिहितेय."

वडील कापडाच्या पेढीवर दिवाणजी होते. एका मित्राला ते पतसंस्थेत जामीन राहिले, मित्रानं कर्ज बुडवलं आणि कपात वडिलांच्या पगारातून सुरू झाली. नातेवाईक सांगत होते, मुलांच्या कानावर घालू नका. आईनं त्याच सतरंजीवर आम्हाला बसवलं आणि सांगितलं: महिन्याला इतके जाणार, इतके महिने जाणार, दिवाळीला कपडे नाहीत, शाळेची फी ठरल्याप्रमाणे भरायची. वडील खाली मान घालून ऐकत होते. मला रडू आलं नाही, कारण ते कधी संपणार हे कळलं होतं. शिकवायची ओढ कुठून आली असं कुणी विचारलं की मला ती रात्र आठवते.

म्हणूनच उत्पन्नाचे पन्नास-तीस-वीस असे वाटे पाडायला सांगणारी व्याख्यानं मला या ओट्यावर निरुपयोगी वाटतात. आठवड्याच्या मजुरीतून तीन हप्ते जाणाऱ्या बाईला वाटे पाडायला उरतं काय? आणि हिशोब तर तिला येतोच. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक 1997 साली उभी राहिली. त्याआधी रिझर्व्ह बँकेनं अर्ज फेटाळला होता, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या. तेव्हा बायकांनी अधिकाऱ्यांना आव्हान दिलं: कुठल्याही रकमेचं व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांनी यंत्राशिवाय काढून दाखवावं. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा यांनी हा किस्सा जाहीरपणे सांगितलेला आहे.

अडतं ते कागदापाशी. विडी कारखान्याच्या नोंदीत माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, एवढ्यावर भविष्य निर्वाह निधीचा अर्ज परत येतो. हे निवृत्तीच्या वेळी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं, म्हणून दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून नावं ताडायचं काम मी वर्गातच करते. अर्धी दुपार त्यातच जाते.

कर्जाचंही तसंच. सूक्ष्मकर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम 1 एप्रिल 2022 पासून लागू आहेत. कर्जदाराला कर्जकार्ड द्यायचं, त्यावरच्या नोंदी तिला समजणाऱ्या भाषेत हव्यात, भरलेल्या हप्त्याची पोच त्यावर हवी. व्याज आणि इतर आकार धरून खरा वार्षिक दर किती, हे आधी लेखी सांगायचं. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लावता येत नाही. हे ऐकल्यावर कार्डं ट्रंकेतून, देव्हाऱ्यामागून बाहेर येतात. मी ती वाचत नाही. दहावीतल्या लेकीला बोलवायला सांगते. मुलगी मोठ्यानं वाचते, आई बोटांवर मोजते आणि आपल्या घरावर किती कर्ज आहे हे त्या मुलीला पहिल्यांदा कळतं. काही आया अस्वस्थ होतात. एकदा एक बाई मुलीला मध्येच आत पाठवायला उठली होती. मी तिला बसायला सांगितलं.

तुमच्या घरी कर्जाचे हप्ते असतील, विम्याची पॉलिसी असेल, कुणाला जामीन राहिलेले असाल, तर ते कागद या रविवारी काढा आणि मुलांना शेजारी बसवून वाचायला लावा.