केळीच्या पानातील पाकशाळा

तापीकाठच्या आपल्या बऱ्हाणपुरात केळीच्या बागा कोणी पाहिल्या नाहीत? परंतु घडातील गोडी येते कोठून? मुळे जमिनीतून पाणी शोषतात. पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून कर्बाम्लवायू आत शिरतो. आणि पान हरितद्रव्याच्या साहाय्याने, सूर्यप्रकाशाच्या बळावर, या दोहोंपासून शर्करा बनवून प्राणवायू बाहेर सोडते. हे कार्य प्रकाशावाचून घडत नाही, हे इंगेनहाउझ या शास्त्रज्ञाने १७७९ साली दाखविले. ही शर्करा घडात पिष्टरूपाने साठते व फळ पिकताना पुन्हा शर्करा होते. केळफूल बाहेर पडल्यावर त्या झाडाला नवे पान फुटत नाही. असलेल्या पानांनीच सारा घड पोसावयाचा असतो. म्हणून, मित्रहो, घड लागलेल्या केळीचे हिरवे पान पंगतीसाठी तोडण्यापूर्वी क्षणभर विचार करा!