बोंडभुंग्याचं गाणं आणि सहा तारा

२०१७ चा हंगाम जळगाव-धुळ्याच्या कापूसवाल्यांना विसरता येण्यासारखा नाही. बोंड वरून निरोगी दिसायचं, फोडलं की आत गुलाबी अळी आणि कुजलेली सरकी. पंचनामे झाले, भरपाईचे अर्ज झाले, चौकाचौकांत चर्चा झाल्या. अशाच एका संकटावर एका माणसाने गिटार मांडीवर घेऊन गाणं रचलं होतं, आणि आज नव्वदहून अधिक वर्षांनी त्याची वाजवण्याची रीत शिकायला लोक घरदार सोडून आठवडाभर एकत्र राहतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नाही.

त्या माणसाचं नाव चार्ली पॅटन. मिसिसिपी राज्यातल्या कापूसपट्ट्यातला कृष्णवर्णीय गायक. १४ जून १९२९ रोजी इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी त्याने बोंडभुंग्यावरचं हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. आपली बोंडअळी ही पतंगाची अळी. तिकडचा शत्रू म्हणजे सोंड असलेला बारीक भुंगेरा. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरला आणि दरवर्षी थोडा थोडा पूर्वेकडे सरकत गेला. पॅटनच्या गाण्यात या भुंग्याला बायको आहे, तो शेतकऱ्याशी बोलतो, एका राज्याचा निरोप घेऊन दुसरीकडे निघतो. आणि गिटार नुसती साथ करत नाही. पॅटन ओळ अर्ध्यावर सोडतो, उरलेले शब्द तार म्हणते.

संगीताच्या या प्रकाराला ब्लूज म्हणतात. विजेशिवाय, साध्या लाकडी गिटारीवर वाजवला जाणारा ब्लूज हा त्यातला जुना, मुळाजवळचा भाग. पॅटनचा बराच काळ डॉकरी नावाच्या मळ्यावर गेला. १८९५ मध्ये विल डॉकरीने जंगल तोडून तो उभा केला होता. मळ्याचं स्वतःचं दुकान होतं, मळ्यापुरतं चालणारं चलनही होतं. माणसं बटाईने कापूस पिकवायची, वर्षभर दुकानातून उधारीवर धान्य-कापड उचलायची, आणि वेचणी संपल्यावर हिशेब व्हायचा. त्या हिशेबात हाती फारसं काही उरत नसे. शनिवारी रात्री मात्र गाणं असायचं. पुढे शिकागो गाजवणारा हाउलिन वुल्फ तरुणपणी इथेच पॅटनच्या मागे लागून गिटार शिकला. वर्ग नव्हता, वही नव्हती. एकाच मातीत राहायचं, जवळ बसायचं, बोटं बघायची.

या मातीचं आणि तापीकाठच्या काळ्या जमिनीचं नातं एका सालापाशी येऊन मिळतं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं अडवली गेली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव कडाडले. त्याच दशकात रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत आली आणि खानदेशची रुई गाठी बांधून बंदराकडे निघाली. १८६५ मध्ये युद्ध संपलं. भाव कोसळले, मुंबईतल्या कितीतरी पेढ्या बुडाल्या, आणि कर्ज काढून कापूस लावलेला इकडचा कुणबी सावकाराच्या दारात उभा राहिला. तिकडे त्याच साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण मोकळ्या झालेल्या माणसांपैकी बहुतेकांकडे जमीन नव्हती; ती पुन्हा कापसातच बटाईदार म्हणून उतरली. दोन्हींकडचं दुःख एक होतं असं मी म्हणणार नाही. माणूस विकत घेतला जाण्याच्या दुःखाची बरोबरी कशाशीच होत नाही. पण पॅटनच्या आजोबांच्या पिढीतल्या कापूस वेचणाऱ्याची नि आपल्या पणजोबांची रोजी एकाच बाजारातल्या एकाच आकड्यावर वरखाली होत होती, हे जाणून मी ते गाणं वेगळ्या कानाने ऐकू लागलो.

डॉकरीसारख्या मळ्यांवरचं ते एकत्र राहून शिकणं पुढे शहरात कसं गेलं, याचीही साखळी सापडते. रेव्हरंड गॅरी डेव्हिस हे दक्षिण कॅरोलिनात १८९६ मध्ये जन्मलेले अंध गायक न्यूयॉर्कला आले, रस्त्यावर गायले आणि घरी शिकवू लागले. त्यांची शिकवणी तासाची नसायची. दिवस दिवस चालायची. त्यांच्या वादनाची रीत इयन ब्युकॅनन या तरुणाने उचलली, ब्युकॅननकडून ती ओहायोतल्या कॉलेजात यॉर्मा काउकोनेनला मिळाली, आणि त्या काउकोनेनने पत्नी व्हनेसासह १९९८ मध्ये ओहायोच्या डोंगराळ भागात ‘फर पीस रँच’ ही राहून शिकायची जागा उभारली. आपल्याकडे घराण्याची वंशावळ सांगतात, तशीच ही सांगता येते. दुसरीकडे वॉशिंग्टन राज्यात पोर्ट टाउनसेंड इथे फोर्ट वर्डन नावाचा समुद्रकाठचा जुना लष्करी तळ आहे. तिथे ‘सेंट्रम’ ही संस्था आठवड्याचं ब्लूज शिबिर भरवते. दिवसा वर्ग, रात्री मिळून वाजवणं, शेवटी मैफल. शिकवणारे आणि शिकणारे एकाच आवारात राहतात.

आता प्रश्न असा, की गिटारीचे धडे घरबसल्या मिळत असताना राहायला कशाला जायचं? उत्तर या संगीताच्या बांधणीतच आहे.

पहिली गोष्ट अंगठा. ब्लूजचा गायक एकटा असतो. ढोल, खर्ज आणि सूर ही तीन माणसांची कामं एका गिटारीकडून करून घ्यायची असतात. उजवा अंगठा जाड तारांवर ठोका धरतो, तळहाताची कड तारांना जरा टेकलेली, म्हणजे आवाज घुमत न राहता ‘ठक’ असा पडतो. दोन-तीन बोटं बारीक तारांवर गाणं वाजवतात. अंगठा म्हणजे गिटारीतलं तुणतुणं: वर पोवाडा कुठेही जावो, त्याची तार थांबत नाही. हा अंगठा पुस्तकातून येत नाही. मेंदूने बोटांकडे लक्ष दिलं की तो अडखळतो. त्याला इतकं मुरवावं लागतं की तो आपला आपण चालेल. समोर बसलेला माणूस पाय आपटत असेल तर ते दोन दिवसांत येतं, एकट्याने करताना महिने जातात. मिसिसिपी जॉन हर्टचं ध्वनिमुद्रण ऐका. हा अ‍ॅव्हेलॉन खेड्यातला शेतमजूर. १९२८ मध्ये त्याच्या काही तबकड्या निघाल्या आणि तो विस्मृतीत गेला. १९६३ मध्ये त्याच्याच गाण्यातल्या गावाच्या नावावरून माग काढत एक तरुण त्याच्या दारात पोचला. पस्तीस वर्षांनीही अंगठा जागच्या जागी होता.

सगळ्यांच्या वाट्याला असं येत नाही. सन हाउस हा पॅटनचा सोबती १९६४ मध्ये सापडला तेव्हा त्याची गिटार कधीच सुटली होती. स्वतःचीच गाणी त्याला वाजवता येईनात. विशीतला अ‍ॅलन विल्सन त्याच्यासमोर बसला आणि जुन्या तबकड्यांवरून शिकलेलं त्याचंच वादन त्याला पुन्हा दाखवलं. पुढच्याच वर्षी सन हाउसने जो अल्बम ध्वनिमुद्रित केला तो आजही अंगावर काटा आणतो. शिष्याने गुरूला त्याची विद्या परत केल्याचं याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट मात्रांची. ब्लूजचं एक कडवं चार-चार मात्रांच्या बारा खंडांचं, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसरी ओळ उत्तरासारखी यायची. प्रत्येक ओळ आपल्या चार खंडांपैकी साधारण निम्म्या जागेत संपते आणि उरलेली जागा गिटारीला मिळते. ओळ दोनदा म्हणण्यात मोठी सोय आहे: तेवढ्या वेळात गाणारा पुढची ओळ जुळवू शकतो. पण जुने गायक हा हिशेब काटेकोर पाळत नसत. श्वास लांबला तर खंड लांबायचा, कधी अर्धा खंड गळून पडायचा. म्हणूनच साथ करणाऱ्याने मोजत बसून चालत नाही, गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

खानदेशात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गातात तेव्हा झोका ताल देतो आणि ओळ झोक्याच्या येरझाऱ्यांवर लांबते-आखडते. धाकट्या मुली मोठ्यांच्या मागून म्हणत म्हणत शिकतात. कानबाईच्या रात्रीही अहिराणी गाणी अशीच पिढी ओलांडतात. आसोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात ओव्या सुचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी टिपून ठेवल्या म्हणून १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्यांचं पुस्तक निघालं, तेही त्या गेल्यानंतर. मिसिसिपीत टिपून घेण्याचं हे काम तबकडीने केलं. दोन्ही ठिकाणी किती गेलं आणि किती थोडं राहिलं, या विचाराने जीव हळहळतो.

तिसरी गोष्ट सर्वांत सुंदर: तारा लावणं. नेहमीच्या लावणीतली गिटार बोटं न ठेवता छेडली तर त्यातून एक धड स्वरसंगती निघत नाही. ब्लूजवाले तिचे कान पिळून ती अशी लावतात की मोकळ्या ताराच गाऊ लागतात. त्यातल्या एका लावणीला ते ‘स्पॅनिश’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात दिवाणखान्यात वाजणाऱ्या ‘स्पॅनिश फँडँगो’ या तुकड्यावरून ते नाव पडलं. आपल्या भाषेत ही लावणी जाड तारेकडून बारीक तारेकडे अशी: प सा प सा ग प. तंबोऱ्याच्या प सा सा सा च्या किती जवळ! म्हणजे तंबोरा ऐकत मोठा झालेला कान या गिटारीपाशी परका नाही. षड्ज-पंचमाची जमीन आधीच अंथरलेली आहे.

आणि त्या जमिनीवर ब्लूजचा जो खास सूर उभा राहतो तो गंधाराचा. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्यामधल्या फटीत तो राहतो. पियानोला तो सापडत नाही, कारण तिथे पट्टीच नाही. गिटारीवर मात्र कोमल गंधारावर बोट ठेवून तार किंचित खेचली की तो हलतो, वर चढतो, शुद्धापर्यंत पोचत नाही. दरबारीतला आंदोलित गंधार कोमलाच्याही खाली झुकतो, हा कोमलाच्या वर राहतो. जोग रागात तर दोन्ही गंधार एकत्र नांदतात. वाट वेगळी, शास्त्र वेगळं. पण स्वर हा ठिपका नसून त्याला रुंदी असते, हे दोन्हीकडच्या गवयांनी आपापल्या जागी ओळखलं. ती रुंदी कागदावर लिहिता येत नाही. शिक्षकाच्या तारेतून ऐकायची, आपल्या तारेवर शोधायची, तो मान हलवेपर्यंत शोधायची. राहून शिकण्याचं खरं कारण मला इथे दिसतं.

हाच सूर गाठायला तारेवरून काच किंवा लोखंड सरकवायची युक्तीही कामी येते. बँडमास्तर डब्ल्यू. सी. हँडी यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की १९०३ च्या सुमारास टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट बघताना त्यांना एक फाटक्या कपड्यांतला माणूस तारांवर चाकू सरकवत वाजवताना दिसला. त्याच्या गाण्यात दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या ठिकाणाचा उल्लेख होता. हवाई बेटांवरही याच काळात तारांवर पोलाद सरकवलं जात होतं. तिथून ही गिटार भारतात आली, ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग वाजवले, विश्वमोहन भट्टांनी तिची मोहनवीणा केली. १९९३ मध्ये भट्ट आणि अमेरिकेचा राय कूडर यांचा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हा अल्बम आला आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं.

मिसिसिपीची पोरं मात्र गिटार परवडेपर्यंत थांबत नसत. झाडूला बांधलेली तार सोडवायची, घराच्या भिंतीवर दोन खिळ्यांत ताणायची, खाली बाटली अडकवायची, आणि एका हाताने छेडत दुसऱ्या हाताने काच सरकवायची. या एकतारी वाद्याची मुळं पश्चिम आफ्रिकेत आहेत. आपलं तुणतुणं त्याचं सोयरं नव्हे. ते एका सुरावर ठाम राहतं, भिंतीवरची तार मात्र गाते. लुइझियानातल्या बटाईदाराच्या घरी जन्मलेल्या बडी गायने लहानपणी असंच दोन तारांचं वाद्य स्वतः बनवलं होतं. तोच बडी गाय पुढे वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सवात वाजवून गेला.

शिबिराला जाणं प्रत्येकाला जमणार नाही, पण पहिला धडा घरी घेता येतो. कुणाची तरी पडून असलेली गिटार आणा. सर्वांत जाड तार, तिच्या शेजारची तार आणि सर्वांत बारीक तार, अशा तीन तारा एकेक पूर्ण स्वर उतरवा; प सा प सा ग प तयार. औषधाची लहान, जाड काचेची बाटली करंगळीत घाला. बारीक तारेकडून मोजत तिसऱ्या तारेवर ती अलगद टेकवा, दाबू नका, आणि बरोबर पडद्याच्या पट्टीवर धरा, पट्ट्यांच्या मधोमध नको. तिसऱ्या पडद्यावर कोमल गंधार आहे, चौथ्यावर शुद्ध. अंगठ्याने सर्वांत जाड तारेच्या शेजारची षड्जाची तार वाजवत राहा आणि बाटली तिसऱ्यावरून चौथ्याकडे अगदी सावकाश सरकवा. मध्ये कुठेतरी ती तार माणसासारखी बोलेल. ती जागा कानाने पक्की करा, मग अंगठा न थांबवता पुन्हा तिथे पोचून बघा.