दुसरे पॅराशूट कुठे आहे?

नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस अलिबागजवळच्या वरसोलीच्या किनाऱ्यावर मुंबईहून आलेल्या दोन महिला पॅरासेलिंग करत होत्या. होडी पुढे धावत होती, पॅराशूट वर चढत होते आणि अचानक दोर तुटला. त्या प्रसंगाचे चित्रीकरण पुढे देशभर पाहिले गेले. दोघींच्या अंगात लाइफ जॅकेट होते, खाली पाणी होते, त्या बचावल्या. त्याआधी २०१९ साली याच रायगड जिल्ह्यात, मुरूडच्या किनाऱ्यावर, पॅरासेलिंगचा दोर तुटला तेव्हा मात्र पुण्याहून वडिलांबरोबर आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला.

दोन्ही वेळा बातमी एकच होती : दोर तुटला. असे म्हटले की जणू सगळे कारण सांगून झाले, असे आपल्याला वाटते. पण दोर का तुटतो, कधी तुटतो आणि तो तुटू नये हे पाहण्याचे काम कोणाचे, हे प्रश्न शिल्लकच राहतात. दिवाळीनंतर शाळांच्या सहली रायगडच्या किनाऱ्याकडे निघतात. मुले आकाशातले रंगीत छत्र पाहून हट्ट धरतात. अशा वेळी शिक्षकाला 'हो' किंवा 'नाही' म्हणावे लागते. ते कशाच्या आधारावर म्हणायचे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

उडी मारणे आणि ओढले जाणे

पॅरासेलिंगचा जन्म पॅराशूटच्या शिक्षणातूनच झाला. १९६१ साली फ्रान्समध्ये पिएर-मार्सेल लमॉन्य यांनी ओढल्यावर वर चढणारे पॅराशूट तयार केले. शिकाऊ उडीबहाद्दरांना प्रत्येक वेळी विमानातून नेणे खर्चाचे असते. त्याऐवजी त्यांना दोराने ओढून उंच न्यायचे आणि सोडून द्यायचे, म्हणजे जमिनीवर उतरण्याचा सराव स्वस्तात होतो, अशी ती कल्पना होती. पुढे सराव मागे पडला आणि किनाऱ्यावरची करमणूक तेवढी उरली.

विमानातून उडी मारणाऱ्याला आपण स्कायडायव्हर म्हणतो. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर आणि २००६ साली अंटार्क्टिकावर मारलेल्या उड्यांमुळे हा खेळ मराठी घरांत माहीत झाला. ऐकताना तो पॅरासेलिंगपेक्षा कितीतरी धोक्याचा वाटतो. पण स्कायडायव्हरच्या पाठीवर दोन पॅराशूटे असतात. मुख्य पॅराशूट उघडले नाही तर ते तोडून टाकायचे आणि राखीव उघडायचे. माणूस बेशुद्ध झाला तर? त्यासाठी एक छोटे यंत्र असते. ठराविक उंचीच्या खाली येऊनही पडण्याचा वेग कमी झालेला नसेल, तर ते राखीव पॅराशूट आपोआप उघडते.

माणसांच्या बाबतीतही तीच काळजी घेतलेली असते. अमेरिकेच्या नियमांनुसार नवख्याला स्वतःला बांधून घेऊन उडी मारणाऱ्या प्रशिक्षकाला किमान तीन वर्षांचा अनुभव आणि ५०० उड्या पूर्ण कराव्या लागतात. राखीव पॅराशूट वापरले नसले, तरी दर १८० दिवसांनी परवानाधारक तंत्रज्ञाकडून ते उलगडून, तपासून पुन्हा घडी करून घ्यावे लागते.

आता किनाऱ्यावर या. इथे एक छत्र, एक दोर आणि ओढणारी एक होडी किंवा जीप. राखीव काहीच नाही. मग इथले दुसरे पॅराशूट कोणते?

वाऱ्याचे गणित

पॅराशूटवर पडणारा हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर बल चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. यातला वेग म्हणजे होडीचा वेग नव्हे. छत्राच्या आणि हवेच्या मधला वेग. होडी ताशी २० किलोमीटरने वाऱ्याच्या विरुद्ध चालली असेल आणि समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा येत असेल, तर छत्राला ४० चा वारा जाणवतो.

छत्राचे क्षेत्रफळ ५० चौरस मीटर धरू. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलो आणि आकाराचा गुणांक १ मानला, तर ढोबळमानाने असे आकडे येतात : ताशी २० किलोमीटरला सुमारे ९५ किलो वजनाइतके बल, ४० ला सुमारे ३८० किलो आणि ६० ला सुमारे ८५० किलो. यातला काही भाग माणसांना तोलून धरण्यात जातो, बाकीचा दोरावर येतो. प्रत्यक्ष छत्राला फटी असतात, त्यामुळे आकडे थोडे बदलतील. पण चौपट आणि नऊपट हे प्रमाण बदलणार नाही. शिवाय होडी लाटेवर आपटली किंवा वाऱ्याचा झोत आला, तर दोराला हिसका बसतो आणि क्षणभर ताण याहूनही वाढतो.

वारा वाढला की आणखी एक अडचण येते. एरवी होडीचा वेग कमी केला की छत्र खाली येते. पण नुसता वाराच छत्र तोलून धरण्याइतका झाला, तर होडी थांबवूनही छत्र खाली येत नाही आणि विंचला दोर गुंडाळता येत नाही. अशा वेळी होडी छत्राच्या दिशेने, म्हणजे वाऱ्याबरोबर न्यावी लागते, म्हणजे छत्राला जाणवणारा वेग कमी होतो. दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. तेव्हा वाऱ्याबरोबर जाणे म्हणजे किनाऱ्याकडे जाणे. किनारा जवळ असेल तर जागा किती उरते? हे भान होडी चालवणाऱ्याला आधीपासून हवे.

तीन टनांचा दोर नऊशे किलोचा कसा होतो

१२ मिलिमीटर जाडीचा नवा नायलॉनचा दोर साधारण ३००० किलोचा ताण सोसतो. मग साडेआठशेला भ्यायचे कारण काय?

दोर हार्नेसला जोडण्यासाठी गाठ मारावी लागते. गाठीत दोर वाकतो. वाकलेल्या भागात बाहेरच्या बाजूचे तंतू जास्त ताणले जातात, आतल्या बाजूचे सैल राहतात. सगळ्यांनी मिळून उचलायचे ओझे थोड्यांवर पडते. म्हणून गाठीपाशी दोराची ताकद तिसऱ्या हिश्श्याने, काही गाठींत निम्म्यानेही कमी होते. आपल्या दोराचे उरले २०००. नायलॉन पाण्यात भिजला की आणखी दहा टक्के ताकद जाते; उरले १८००. उन्हातली अतिनील किरणे तंतूंचे रेणू तोडतात. वाळलेल्या मिठाचे स्फटिक आणि वाळूचे कण दोराच्या पिळात शिरतात आणि प्रत्येक ताणाबरोबर आतून कानशीसारखे घासतात. यात निम्मी ताकद गेली असे समजू. उरले ९००.

हा हिशेब आम्ही मुद्दाम वाईटात वाईट धरून केला आहे. पण त्यातली एकेक पायरी खरी आहे आणि त्यांतली एकही दुरून डोळ्यांना दिसत नाही. दोर जाड आणि दणकट दिसतो. म्हणूनच जाणकार चालक दोराच्या वापराची वही ठेवतात, गाठीजवळचे टोक ठराविक काळाने कापून नवी गाठ मारतात आणि दोर तुटण्याची वाट न पाहता बदलतात.

करून पाहा

हे वर्गात पडताळून पाहता येते. शिवणकामाचा नायलॉनचा दोरा घ्या. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली दोऱ्याला टांगा आणि मापाने थोडे थोडे पाणी ओतत जा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. खाली बादली ठेवा. दोऱ्याची टोके गाठ मारून बांधू नका; पेन्सिलीवर सात-आठ वेढे देऊन चिकटपट्टीने बसवा, नाहीतर दोरा टोकाच्या गाठीतच तुटेल. आधी साध्या दोऱ्याचे दहा तुकडे तपासा, मग मधोमध एक साधी गाठ मारलेले दहा. तिसरी जोडी मिठाच्या पाण्यात बुडवून महिनाभर गच्चीवर उन्हात वाळवलेल्या दोऱ्याची. सरासरी काढा आणि प्रत्येक तुकडा कुठे तुटला तेही लिहून ठेवा.

चौकस विद्यार्थ्यांनी हाच प्रयोग ओल्या सुती दोऱ्यावरही करावा. सूत ओले झाले की नायलॉनच्या उलट वागते, त्याची ताकद थोडी वाढते. एका दोराचा अनुभव दुसऱ्याला लावून चालत नाही, हे त्यातून कळेल.

दुपारचा वारा

खारे वारे आणि मतलई वारे आपण भूगोलात शिकवतो. सकाळी किनाऱ्यावर हवा बहुधा शांत असते. ऊन चढते तशी जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. दुपारी दोन-तीनच्या सुमारास तो जोरात असतो. पर्यटकही जेवण उरकून त्याच वेळी किनाऱ्यावर येतात. गर्दी आणि वारा एकाच वेळी वाढतात.

तुटलेल्या दोराचे छत्र हा वारा जमिनीकडे नेतो. तिथे सुरूची बने आहेत, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, विजेच्या तारा आहेत. जिथे जीप ओढते तिथे तर सुरुवातीपासून खाली पाणी नसतेच. ओहोटीने कडक झालेली वाळू असते.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने २०१४ साली पॅरासेलिंगसाठी कायदा केला. सततचा वारा ताशी सुमारे ३२ किलोमीटरच्या वर किंवा झोत सुमारे ४० च्या वर गेले, तर खेळ बंद. ११ किलोमीटरच्या आत वीज चमकली तरी बंद. हवामानाची नोंद ठेवणे बंधनकारक. आपल्याजवळ वेगमापक नसला तरी समुद्राकडे पाहून अंदाज बांधता येतो. बोफर्टच्या मापनानुसार लाटांच्या माथ्यावर बऱ्याच ठिकाणी पांढरा फेस दिसू लागला की वारा ताशी २० ते २८ किलोमीटर असतो. समुद्रभर फेसच फेस दिसला आणि लहान झाडे डोलू लागली की २९ ते ३८. म्हणजे मर्यादा आलीच.

माणूस हेच दुसरे पॅराशूट

आता मघाच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. पॅरासेलिंगमध्ये राखीव पॅराशूट म्हणजे चालकाचा निर्णय. वारा वाढला, दोर विरला, 'आज बस' असे वेळेवर म्हणणारा माणूस. दोरासारखीच त्याचीही ताकद काही गोष्टींनी कमी होते.

पहिली गोष्ट शिक्षण. कोळीवाड्यातला तांडेल पाणी आणि वारा आपल्यापेक्षा चांगला ओळखतो. पण मासेमारीची होडी हाकणे आणि टांगलेल्या माणसाला ओढणे ही वेगळी कामे आहेत. गोव्यात १९९० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत होडी चालवण्याचे आणि जीवरक्षणाचे अभ्यासक्रम आहेत. महाराष्ट्रात जलक्रीडेसाठी सागरी मंडळाची परवानगी लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींवरच्या खेळांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, असे त्यात आहे. वरसोलीचा दोर त्यानंतर तीन महिन्यांनी तुटला. कागदावरचा नियम किनाऱ्यावर पोचायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट मजुरी. हिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. समजा, एका फेरीला दहा मिनिटे लागतात. दुपारी दोन ते सहा या वेळेत २४ फेऱ्या होतील. हार्नेसचे पट्टे बांधणाऱ्या मुलाला फेरीमागे पैसे मिळत असतील, तर दोन वाजता खेळ थांबवणे म्हणजे २४ फेऱ्यांची मजुरी सोडणे. पावसाळ्यात धंदा बंद असतो. वर्षाची कमाई उरलेल्या महिन्यांतल्या शनिवार-रविवारांवर उभी असते. थांबण्याचा सगळा तोटा ज्याच्या खिशातून जातो, त्यानेच थांबण्याचा निर्णय घ्यावा, अशी अपेक्षा आपण करतो. हे न्यायाचे नाही आणि सुरक्षितही नाही.

स्कायडायव्हिंगच्या प्रशिक्षकांनाही परदेशात बहुधा उडीमागेच पैसे मिळतात. मोह तिथेही आहे. पण शिकाऊंसाठी वाऱ्याची मर्यादा तिथे आधीच लिहिलेली असते. त्यामुळे प्रशिक्षकाला मोहाशी एकट्याने झगडावे लागत नाही. आपल्याकडे दिवसाची किंवा महिन्याची ठरलेली मजुरी आणि लेखी मर्यादा या दोन गोष्टी झाल्या, तरी खूप अपघात टळतील, असे आम्हाला वाटते. दोर बदलण्याइतकेच मजुरीची पद्धत बदलणे हेही सुरक्षिततेचे साधन आहे.

सहलीवर विचारायचे प्रश्न

शिक्षकांनी किनाऱ्यावर पाच प्रश्न विचारावेत. नोंदणी आणि परवानगीचे कागद कुठे आहेत? दोर कधी बसवला आणि टोक शेवटचे कधी कापले? आज वारा किती आहे आणि किती झाला की तुम्ही थांबता? होडीत चालकाशिवाय वर गेलेल्यांवर नजर ठेवणारा दुसरा माणूस आहे का? तुम्हाला फेरीमागे पैसे मिळतात की दिवसाचे?

शेवटचा प्रश्न आगाऊपणाचा वाटेल. तो आपुलकीने विचारावा, उत्तर मिळते. तिसऱ्या प्रश्नाला आकड्यात उत्तर आले नाही, तर मुलांना घेऊन सरळ मागे फिरावे. मुले हिरमुसतील. मग त्यांना वाळूत बसवून लाटांवरचा फेस मोजायला सांगावे आणि वाऱ्याचा वेग काढून घ्यावा.