विश्लेषण : परवडणारे ‘वायरलेस गिअर’ रोड बाइकला बसवावेत का?

सायकलचा गिअर बदलायचा म्हणजे हँडलवरचा खटका दाबायचा, त्याने पोलादी केबल ताणली जायची आणि मागे चेन एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकायची. कित्येक दशके हे असेच चालले. आता या केबलची जागा बॅटरी, रेडिओ संदेश आणि इवलीशी मोटर घेऊ लागली आहे. एकेकाळी केवळ व्यावसायिक शर्यतपटूंच्या सायकलींवर दिसणारी ही यंत्रणा मधल्या किमतीच्या रोड बाइकवरही येऊ लागल्याने, दर रविवारी घाट गाठणाऱ्या हौशी सायकलपटूंपुढे प्रश्न उभा राहिला आहे : केबल सोडून वायरलेस घ्यावे का?

वायरलेस गिअर म्हणजे नेमके काय?

चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या भागाला डिरेलर म्हणतात. साध्या सायकलमध्ये त्याला केबल ओढते. वायरलेस यंत्रणेत ब्रेक लिव्हरपाशी बटण असते. ते दाबले की २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील सांकेतिक रेडिओ संदेश डिरेलरकडे जातो आणि त्यातील मोटर चेनला आधीच ठरवून दिलेल्या जागी नेऊन ठेवते. ‘स्रॅम’च्या यंत्रणेत पुढच्या व मागच्या डिरेलरवर एकेक छोटी, काढता येणारी बॅटरी असते आणि लिव्हरमध्ये घड्याळातल्यासारखा नाण्याच्या आकाराचा सेल. ‘शिमानो’ची रचना अर्धी वायरलेस आहे. लिव्हर वायरविना असले तरी दोन्ही डिरेलर फ्रेमच्या आतून गेलेल्या वायरने सीटपोस्टमधील एका बॅटरीला जोडलेले असतात. दोन्हींमध्ये ब्रेक मात्र तेलाच्या दाबावरचे, म्हणजे हायड्रॉलिकच असतात. त्यांचा बॅटरीशी संबंध नसतो.

ही यंत्रणा स्वस्त कशी झाली?

फ्रान्सच्या ‘माविक’ कंपनीने १९९०च्या दशकात इलेक्ट्रॉनिक आणि नंतर वायरलेस गिअरचेही प्रयोग केले होते, पण ते फार टिकले नाहीत. शिमानोने २००९मध्ये ‘ड्युरा-एस डीआय२’ आणले. त्यात वायर होती, पण मोटरने बदलणारा गिअर भरवशाचा असू शकतो हे त्याने सिद्ध केले. स्रॅमने २०१५मध्ये ‘रेड ईटॅप’ सादर करून वायरही काढून टाकली. हे दोन्ही संच आपापल्या कंपनीचे सर्वांत महागडे होते. पुढे तेच तंत्र पायरी-पायरीने खाली उतरले. स्रॅमचा तिसऱ्या पायरीवरचा ‘रायव्हल ईटॅप एएक्सएस’ २०२१मध्ये, शिमानोचा ‘१०५ डीआय२’ २०२२मध्ये आणि स्रॅमचा त्याहून खालचा ‘एपेक्स एएक्सएस’ २०२३मध्ये आला. ‘परवडणारे’ म्हणतात ते याच अर्थाने. वरच्या संचांच्या तुलनेत. केबलवरच्या संचापुढे ते अजूनही बरेच महाग आहेत.

किंमत कमी करताना काटकसर कुठे झाली?

मुख्यतः वजनात आणि सोयींत. वरच्या संचांतील कार्बन, टायटॅनियमऐवजी येथे ॲल्युमिनियम आणि पोलादाचा वापर अधिक असतो. १०५ डीआय२च्या लिव्हरवर माथ्यावरचे जादा बटण आणि हँडलच्या इतर ठिकाणी बटणे जोडण्याची सोय नाही. रायव्हलमध्ये चेन उडू नये म्हणून महागड्या द्रव-दाबाच्या यंत्रणेऐवजी स्प्रिंगचा क्लच आहे. गिअर बदलण्याच्या मूळ कामात हौशी चालकाला जाणवेल असा फरक मात्र थोडाच आहे. म्हणूनच ‘सर्वांत महाग तेच घ्यावे’ हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो.

चालवून पाहताना काय जाणवते?

पहिला बदल बोटांना कळतो. केबलच्या लिव्हरला जोर लावून आडवे ढकलावे लागते. येथे संगणकाच्या माउससारखी टिचकी पुरते. स्रॅममध्ये उजवी कळ दाबली की गिअर जड होतो, डावी दाबली की हलका आणि दोन्ही एकदम दाबल्या की पुढची चेनरिंग बदलते. वर्षानुवर्षांची सवय मोडायला थोडा वेळ लागतो, पण नवख्या चालकाला ही रीत लवकर उमगते. दुसरा बदल पुढच्या चेनरिंगचा. केबलवर लहान रिंगवरून मोठ्या रिंगवर जाताना डाव्या हाताची बोटे आणि मनगट दोन्ही पणाला लागतात. मोटर हे काम दर वेळी तितक्याच जोराने करते. लहान पंजाच्या, संधिवात असलेल्या किंवा तासन्‌तास चालवून बोटे बधिर झालेल्या सायकलपटूंसाठी हा फायदा खरा आहे.

तिसरा बदल काही महिन्यांनी कळतो. केबल नवी असताना ताणते आणि जुनी झाली की आवरणात घासते. आपल्याकडच्या पावसाळ्यात पाणी आणि चिखल आवरणात शिरून गंज धरतो. हल्लीच्या सायकलींत केबल हँडलच्या आणि फ्रेमच्या आतून, तीव्र वळणे घेत जाते. त्यामुळे घर्षण वाढते आणि ती बदलणे वेळखाऊ होते. वायरलेसमध्ये हा सगळा व्यापच नाही. एकदा जुळवलेला गिअर दीर्घकाळ तसाच राहतो आणि बारीक फेरफार बटणाने किंवा मोबाइल ॲपवरून करता येतो.

मग बोरघाट लवकर चढता येईल?

नाही. चढावर उपयोगी पडते ते पायांतील ताकद, एकूण वजन आणि गिअरचे गुणोत्तर. पुढे ३४ दातांची रिंग आणि मागे ३६ दातांचे चक्र असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक एकापेक्षाही कमी वेळा फिरते आणि चढ सुसह्य होतो. पण हे गुणोत्तर मिळवायला मोटर लागत नाही. शिमानोने २०२३मध्ये केबलवर चालणारा १२ गतींचा १०५ संचही आणला, त्यातही ३६ दातांपर्यंतची कॅसेट चालते. चढाची धास्ती हेच कारण असेल, तर आधी कॅसेट बदलून पाहावी. तो खर्च कितीतरी कमी आहे.

बॅटरी रस्त्यात संपली तर?

चेन असेल त्या गिअरवर राहते आणि सायकल बिनगिअरची होऊन चालत राहते. सपाट रस्त्यावर हे निभावते, घाटाच्या पायथ्याशी नाही. स्रॅमच्या मते डिरेलरची बॅटरी एका चार्जिंगवर सुमारे ६० तास चालते आणि तासाभरात भरते. शिमानो सुमारे १००० किलोमीटरचा अंदाज देते. वारंवार गिअर बदलणाऱ्या घाटरस्त्यांवर हा आकडा घटतो, विशेषतः पुढची चेनरिंग सतत बदलली तर.

रोजच्या ५० किलोमीटरसाठी हे पुरून उरते. लांब पल्ल्यात शिस्त हवी. ६०० किलोमीटरची ब्रेव्हे ४० तासांत पूर्ण करायची असते, तर पुणे ते गोवा ‘डेक्कन क्लिफहँगर’ सुमारे ६४३ किलोमीटरची आहे. अशा वेळी भरलेली जादा बॅटरी आणि एक नाणे-सेल खिशात ठेवणे शहाणपणाचे. स्रॅमच्या पुढच्या-मागच्या बॅटऱ्या सारख्याच असल्याने मागची संपली तर पुढची काढून तिथे लावता येते. शिमानोत बॅटरी खालावली की आधी पुढचा डिरेलर थांबतो, म्हणजे मागचा गिअर घरी पोहोचेपर्यंत काही काळ हाताशी राहतो. सायकल गाडीवर बांधून नेताना स्रॅमच्या बॅटऱ्या काढून ठेवाव्यात. हालचालीने यंत्रणा जागी राहते आणि चार्ज उतरतो. विमान प्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनच्या सामानातच न्याव्या लागतात.

जुन्या सायकलला बसवता येते का?

खर्च बहुतेक वेळा इथेच फुगतो. रायव्हल एएक्सएस आणि १०५ डीआय२ हे दोन्ही केवळ डिस्क ब्रेकसाठी बनवलेले आहेत. रिमला रबर लागणारे ब्रेक असतील, तर फ्रेम, फोर्क आणि चाकेच बदलावी लागतील. म्हणजे नवी सायकलच. डिस्क ब्रेकची सायकल असली तरी मागच्या चाकाचा हब तपासावा. रायव्हलच्या कॅसेटचे सर्वांत लहान चक्र दहा दातांचे असल्याने ‘एक्सडीआर’ प्रकारचा फ्रीहब लागतो आणि चेनही त्याच कुटुंबातली लागते. १०५ची १२ गतींची कॅसेट मात्र शिमानोच्या ११ गतींच्या जुन्या फ्रीहबवर बसते. दुकानात किंमत विचारताना कॅसेट, चेन, फ्रीहब, चार्जर आणि मजुरी धरून आकडा लिहून घ्यावा.

चिनी संच आणखी स्वस्त मिळतात, त्यांचे काय?

‘एलटू’ आणि ‘व्हीलटॉप’ या चिनी कंपन्यांनी बड्या कंपन्यांपेक्षा बऱ्याच कमी किमतीत इलेक्ट्रॉनिक संच आणले आहेत. व्हीलटॉपच्या यंत्रणेत कॅसेट किती गतींची आहे हे ॲपमध्ये सांगता येते, त्यामुळे जुनी कॅसेट कायम ठेवून प्रयोग करता येतो. प्रश्न उरतो तो सुट्या भागांचा आणि हमीचा. मोटर बिघडली की डिरेलर दुरुस्त होत नाही, अख्खा बदलावा लागतो. तो भारतात कोण, किती दिवसांत देणार, हे विकत घेण्याआधीच विचारावे.

रेडिओ संदेश आहे, मग हॅकिंगचा धोका?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठ (सॅन डिएगो) आणि नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४मध्ये दाखवून दिले, की शिमानो डीआय२चे संदेश टिपून सुमारे १० मीटरवरून पुन्हा पाठवता येतात आणि दुसऱ्याच्या सायकलचा गिअर बदलता येतो. कंपनीने त्यावर सॉफ्टवेअरची सुधारणा दिली. हौशी चालकाला धोका नगण्य आहे. पण यापुढे सायकललाही मोबाइलसारखे ‘अपडेट’ करत राहावे लागेल, हा यातला धडा.

अखेर, घ्यावे की नाही?

नवी डिस्क ब्रेक सायकल घेणारच असाल, केबल फ्रेमच्या आतून जात असेल, लांब पल्ले करत असाल किंवा बोटांना त्रास होत असेल, तर या पायरीवरचा वायरलेस संच विचारात घेण्याजोगा आहे. चालती सायकल हाताशी असेल, तर आधी नवी केबल, नवे आवरण आणि नीट जुळवलेला डिरेलर करून पाहा. गिअर बिघडल्याच्या बऱ्याच तक्रारी तेवढ्यावर मिटतात. चाचणीसाठी सायकल मिळाली तर सपाट रस्त्यावर नव्हे, चढावर न्या. उभे राहून पायडल मारताना आणि एकदम तीन-चार गिअर उतरवताना ती कशी वागते, ते पाहा. आणि एक प्रश्न दुकानदाराला नक्की विचारा : पडून डिरेलर मोडला तर तोच भाग इथे मिळायला किती दिवस लागतील? केबल तालुक्याच्या गावातही मिळते. मोटर मिळायला पंधरा दिवस लागणार असतील, तर ‘परवडणारे’ या शब्दाच्या हिशेबात तेही धरावे लागेल.